बाकावरचा कारभारी

शनिवारी रात्रीचा सामना रेंगाळत रेंगाळत साडेदहाला संपतो आणि रविवारी दुपारी एकच्या सुमाराला पुढचा असतो. अशा रविवारी सकाळी मेजर लीग बेसबॉलच्या कुठल्याही संघाच्या क्लबहाउसमध्ये डोकावलं, तर बरेचसे खेळाडू कॉफीच्या यंत्राभोवती डोळे चोळत उभे दिसतील आणि एकच माणूस टवटवीत. नडग्यांना ढाली, छातीला चिलखत, हातात समोरच्या फलंदाजांची टिपणं. हा संघाचा बदली कॅचर. नेहमीचा कॅचर काल रात्री उकिडवा बसून बसून आखडलाय, त्याला आज सुट्टी. म्हणून आज याची पाळी. रात्रीच्या सामन्याला लागून दुपारचा सामना आला की बदली कॅचरने उभं राहायचं, हा अमेरिकन बेसबॉलमधला अलिखित कायदा आहे. कित्येकांची दहा-दहा वर्षांची कारकीर्द अशा रविवार दुपारी जोडून जोडूनच पुरी होते.

उरलेल्या दिवशी हा गृहस्थ काय करतो, ते पाहण्यासारखं आहे.

मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, एवढ्या काळात १६२ सामने. त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, निम्मे परगावी. संघात खेळाडू २६ आणि त्यात कॅचर बहुधा दोनच. नेहमीचा धडधाकट असला तर शंभर-सव्वाशे सामने तोच खेळतो. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू झेलायचा, पुढचा चेंडू कोणता टाकायचा याची खूण पिचरला करायची, आणि बॅटची कड घेऊन आलेला चेंडू मुखवट्यावर, खांद्यावर, अंगठ्यावर झेलून वर काही झालंच नाही असं दाखवायचं. एका सामन्यात एकंदर दीडशेच्या आसपास चेंडू त्याच्याकडे येतात. त्यामुळे नेहमीचा कॅचर केव्हाही जायबंदी होईल, ही भीती मॅनेजरच्या मनात कायम असते आणि बदली कॅचरची नेमणूक मुळात या भीतीपोटीच झालेली असते. गंमत अशी की त्याच भीतीपोटी त्याला ऐनवेळी फलंदाजीलाही पाठवत नाहीत. हा एकदा वापरून बाहेर गेला की परत आत येता येत नाही, आणि मग नेहमीच्याचं बोट मोडलं, तर मागे बसायचं कुणी? म्हणजे गरज पडेल म्हणून ठेवलेल्या माणसाला, गरज पडेल म्हणूनच, वापरायचं नाही. क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी तरी घेऊन जातो.

असा हा माणूस खेळत नाही तेव्हा क्लबहाउसमध्ये राहतो. 'राहतो' हेच क्रियापद बरोबर. फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात सरावाचं शिबिर भरतं, तेव्हा पिचर आणि कॅचर यांना बाकीच्यांच्या आधी हजर व्हावं लागतं. तिथून सुरुवात. संध्याकाळी सातचा सामना असला तरी मंडळी दुपारी दोनपासूनच जमू लागतात आणि घरी जाईपर्यंत मध्यरात्र होते. तेव्हा संसार खरा याच खोलीत. प्रत्येकाचा लॉकर ठरलेला. नामवंतांना कोपऱ्यातला, ऐसपैस, कधी दोन-दोन. सप्टेंबरात खालच्या लीगमधून नव्याने वर बोलावलेल्या पोरांना दाराजवळ जिथे वारा लागेल तिथे जागा. मधोमध पत्त्यांचं टेबल. संगीत कोणी लावायचं यावरून तंटे. धुलाई, बूट घासणं, जेवण मांडणं हे सगळं पाहणारे क्लबहाउसचे सेवक. त्यांना खेळाडू हंगामभर बक्षिसी देतात, आणि कोण सढळ, कोण चिक्कू, याची पक्की नोंद त्यांच्या डोक्यात असते. बदली कॅचरशी त्यांचं विशेष जमतं. दोघंही दुसऱ्यांचं सामान सांभाळण्यातच दिवस घालवतात.

लग्नघरात एक मामा असतो. व्यासपीठावर त्याला कुणी बोलावत नाही, फोटोत तो कडेला अर्धा कापलेला दिसतो. पण वऱ्हाड कुठे उतरलंय, गुरुजींना चहा मिळाला का, कुणाची कुणाशी बोलाचाली बंद आहे, हे त्यालाच विचारावं लागतं. बदली कॅचर हा क्लबहाउसचा मामा. संघात तेरा पिचर आणि तेरा तऱ्हा. एकाला चढा आवाज चालत नाही, दुसऱ्याला शिवी दिल्याशिवाय चेंडू नीट पडत नाही, तिसऱ्याची बायको बाळंतपणाला गेलेली. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, त्यांचे चेंडू झेलता झेलता हे सगळं याच्या पोटात जातं. मेजर लीगमधले चौथ्या हिश्श्याहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएला ही त्यांची मोठी आगरं. त्यामुळे याला कामापुरतं स्पॅनिश येतं. व्याकरण यथातथाच, पण सांत्वन आणि शिव्या अस्खलित.

कधी कधी एखाद्या बदली कॅचरवाचून संघाचं पान हलत नाही. डग मिराबेली याचं उदाहरण. बोस्टन रेड सॉक्सकडे टिम वेकफिल्ड नावाचा पिचर होता आणि तो नकलबॉल टाकायचा. हा चेंडू फिरत नाही, वेगही बेताचाच; पण हवेत असा डुलत येतो की तो कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला झेलण्याचं काम वर्षानुवर्षं मिराबेलीकडे. २००५ सालच्या डिसेंबरात संघाने हिशोब मांडला की एवढ्यासाठी एक माणूस कशाला पोसायचा, आणि त्याला सॅन दिएगोला देऊन टाकलं. नव्या हंगामात वेकफिल्डचे चेंडू झेलायला जॉश बार्ड बसला आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या हातून दहा चेंडू निसटले. रेड सॉक्सने १ मे २००६ रोजी बार्ड आणि वर आणखी एक पिचर देऊन मिराबेलीला परत आणलं. त्याच रात्री न्यूयॉर्क यांकीजशी सामना आणि चेंडू टाकायला वेकफिल्ड. मिराबेली विमानाने बोस्टनला उतरला, विमानतळावरून पोलिसांची गाडी सायरन वाजवत त्याला घेऊन निघाली, आणि धावत्या गाडीतच त्याने कपडे बदलले. सामना सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी तो मैदानात पोचला. त्या रात्री रेड सॉक्स जिंकले. ज्याचा बॅटिंग ॲव्हरेज फारसा कुणाच्या लक्षात नाही, त्याच्यासाठी बोस्टनच्या रस्त्यांवर सायरन वाजला होता.

बाकी दिवस थट्टेचे. आठ महिने एकाच खोलीत, सतत जिंकण्या-हरण्याच्या ताणाखाली राहणारी पंचविशी-तिशीतली माणसं जे करतील तेच इथेही चालतं, फक्त त्याला परंपरेचं कोंदण असतं. नव्या पोराने आयुष्यातली पहिली होम रन मारली, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडला, आणि तो डगआउटमध्ये संघाच्या बाकापाशी धावत आला, की सगळे भिंतीकडे तोंड करून मुके. कुणी टाळी द्यायला तयार नाही. पोरगा हवेलाच टाळ्या देत शेवटपर्यंत जातो आणि मग एकदम सगळे त्याच्यावर तुटून पडतात. बाकावर पेंगणाऱ्याच्या टोपीवर च्युइंगमचा फुगा चिकटवायचा, मुलाखत देणाऱ्याच्या तोंडावर फेसाची थाळी मारायची, आणि जुन्या काळी लोकप्रिय असलेला खेळ म्हणजे बुटाच्या टाचेला काडी चिकटवून पेटवून द्यायची. यातला महामहोपाध्याय मो ड्रॅबोव्स्की, बाल्टिमोर ओरिओल्सचा पिचर. १९६६ साली कॅन्सस सिटीत सामना चालू असताना त्याने बुलपेनच्या फोनवरून प्रतिस्पर्ध्यांच्या बुलपेनला फोन लावला. पूर्वी तो त्यांच्याकडूनच खेळलेला, त्यामुळे नंबर ठाऊक होता. त्यांच्या मॅनेजरचा आवाज काढून त्याने हुकूम सोडला की क्राउसला तयार करा. बिचारा क्राउस उठून चेंडू टाकायला लागला. पुढे बाल्टिमोरने १९७० ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली, तेव्हा जल्लोषात त्याने खुद्द बेसबॉलच्या कमिशनरच्या बुटालाच काडी लावली.

त्याच बाल्टिमोरच्या क्लबहाउसमध्ये न्यायालयही भरायचं. न्यायाधीश फ्रँक रॉबिन्सन, संघाचा सर्वांत मोठा तारा, डोक्यावर फरशी पुसायच्या मॉपचा टोप घालून आरोप ऐकायचा आणि डॉलर-डॉलरचे दंड ठोकायचा. आरोप काय? तर मैदानात धावताना झोपा काढणं, किंवा सामन्याआधी विरुद्ध संघातल्या मित्राशी गप्पा मारणं. हे कोर्ट फक्त सामना जिंकल्यावर भरे, हा त्यातला शहाणपणा. हरल्यावर आरोपांना धार येते आणि थट्टा थट्टेच्या जागी राहत नाही. अशा न्यायालयांत सरकारी वकील म्हणून बदली कॅचरच शोभावेत. सगळ्यांचे गुन्हे बसल्या जागेवरून पाहायला वेळ त्यांनाच होता.

थट्टेची दुसरी बाजूही होती. नव्या पोरांना बायकांचे कपडे घालून विमानतळावरून मिरवत न्यायची प्रथा वर्षानुवर्षं चालली आणि हसणाऱ्यांना ती फार गमतीची वाटे. २०१६ च्या डिसेंबरात खेळाडूंची संघटना आणि मेजर लीग यांच्यात झालेल्या करारात तिच्यावर बंदी आली. आता सुपरहिरोचे पोशाख चालतात. बुलपेनमधल्या सर्वांत नव्या पिचरने लहान मुलीची गुलाबी पाठपिशवी गोळ्या-चॉकलेटांनी भरून रोज मैदानातून चालत न्यायची, ही रीत मात्र अजून टिकून आहे. सहा फूट चार इंचांचा, दाढीवाला गडी ती पिशवी लटकावून जाताना दिसला की प्रेक्षकांचे पैसे तिथेच वसूल होतात.

अंधश्रद्धांबद्दल तर बोलायलाच नको. पिचरने समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, दिली नसेल तर सहाव्या-सातव्या इनिंगपासून त्याच्याशी कुणी बोलत नाही, शेजारी बसत नाही. तो बाकाच्या टोकाला वाळीत टाकल्यासारखा एकटा. यांकीजच्या जेसन जियांबीकडे एक सोनेरी लंगोट होता. बॅट रुसली की तो घालायचा, हमखास उपाय. हा लंगोट त्याने गरजू सहकाऱ्यांनाही उसना दिला आणि त्यांत डेरेक जीटरसारखा कप्तानही होता. जीटरने स्वतःच ते सांगितलं, आणि आपण तो आतल्या चड्डीवरून घातला होता हा खुलासाही केला. सख्य म्हणजे काय याच्या व्याख्या पुष्कळ आहेत. या व्याख्येपुढे त्या फिक्या पडतात.

या जमातीत एक माणूस मात्र अगदी वेगळ्या मातीचा निपजला. मो बर्ग. प्रिन्स्टनचा पदवीधर, कोलंबियाची कायद्याची पदवी, कितीतरी भाषांचा जाणकार. १९२७ साली शिकागो व्हाइट सॉक्सचे कॅचर एकामागून एक जायबंदी झाले आणि हा त्या जागी बसला, तो बहुतेक बदली म्हणूनच १९३९ पर्यंत. त्याआधीचे धरून एकंदर पंधरा हंगामांत ६६३ सामने आणि सहा होम रन. त्याला सात भाषा येतात पण एकाही भाषेत बॅट चालवता येत नाही, असं त्याच्याबद्दल म्हणत. क्लबहाउसमध्ये तो वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन बसे आणि आपलं वाचून होईपर्यंत दुसऱ्याने घडी जरी उलगडली, तरी ते पत्र त्याच्या लेखी मेलं. मग तो नवीन प्रत आणे. १९३४ साली बेब रूथ आणि लू गेरिग यांच्या तोलामोलाच्या खेळाडूंबरोबर हा बदली कॅचर जपानला कसा गेला, याचं त्या वेळीही अनेकांना नवल वाटलं. तिथे त्याने एके दिवशी किमोनो चढवला, अमेरिकेच्या राजदूताच्या बाळंत झालेल्या मुलीला भेटायचं निमित्त करून फुलं घेऊन टोकियोच्या सेंट ल्यूक रुग्णालयात शिरला, तिला न भेटताच गच्चीवर गेला आणि कॅमेऱ्याने शहराचं चित्रीकरण करून खाली उतरला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात होता. १९४४ च्या डिसेंबरात झुरिकमध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वर्नर हायझेनबर्गच्या व्याख्यानाला तो श्रोता म्हणून जाऊन बसला, खिशात पिस्तूल. जर्मनी अणुबॉम्बच्या जवळ पोचलीय असं वाटलं तर वक्त्याला गोळी घालायची होती. त्याला तसं वाटलं नाही, आणि व्याख्यान सुखरूप पार पडलं. गप्प बसून नीट पाहायचं आणि योग्य वेळ आली नाही तर काहीच करायचं नाही, ही तालीम त्याला बाकावर भरपूर मिळालेली होती.

सगळेच असे रंगीबेरंगी नसतात. बहुतेकांच्या मागे मायनर लीगमधली बसची वर्षं असतात. २०२२ पासून संघांनी या खालच्या पायरीवरच्या खेळाडूंच्या राहण्याची सोय करायला सुरुवात केली. त्याआधी एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जणांनी हवेच्या गाद्या टाकून झोपायचं हे सर्रास चाले. १९८८ चा 'बुल डरहॅम' हा चित्रपट अशाच एका मुरलेल्या कॅचरवर आहे आणि तो खरा वाटतो, कारण दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला होता. वर आणि खाली यांतलं अंतर पैशात मोजायचं तर मेजर लीगचा किमान वार्षिक पगार २०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर होता. शिवाय वरच्या संघात ४३ दिवस भरले की थोडंफार पेन्शन लागू होतं. हा आकडा एकूणएक बदली कॅचरना पाठ असतो. त्रेचाळिसाव्या दिवशी खाली न पाठवणाऱ्या मॅनेजरला ते जन्मभर दुवा देतात.

आता प्रश्न असा की या सगळ्या भाईचाऱ्याने सामने जिंकता येतात का? अमेरिकेत यावर पोतीभर मजकूर छापून झालाय आणि त्यातला बराचसा जिंकल्यानंतर लिहिलेला आहे. ओकलंड ॲथलेटिक्सने १९७२, ७३ आणि ७४ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. हे लोक आपसांत मारामाऱ्या करत. जून १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या क्लबहाउसमध्ये रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. सोडवायला मध्ये कोण पडला? कॅचर रे फॉसी. भांडणारे दोघं पुढे खेळत राहिले आणि फॉसीच्या मानेची चकती चेपली जाऊन त्याचे पुढचे कित्येक आठवडे वाया गेले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या तोंडावर रॉली फिंगर्स आणि जॉन ओडम या पिचरांची जुंपली, फिंगर्सच्या डोक्याला टाके पडले, आणि त्या सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो फिंगर्सच. तेव्हा प्रेमाने राहिलं की चषक मिळतो असं कुणी सांगू लागलं, तर त्याला ओकलंडचं नाव सांगावं. एकोपा लागतो तो १६२ सामने एकमेकांची तोंडं पाहण्यासाठी. चषकाचं गणित वेगळं असावं.

आणि क्लबहाउसचा एकोपा कुणाला बाहेर ठेवून उभा होता, हेही विसरून चालत नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला, तेव्हा काही गोऱ्या सहकाऱ्यांनी कुरबूर सुरू केली. त्यांत अलाबामाचा बॉबी ब्रॅगन होता, संघाचा बदली कॅचर. मला दुसऱ्या संघात पाठवा, असं त्याने संघाध्यक्ष ब्रँच रिकीला तोंडावर सांगितलं. रिकीने पाठवलं नाही. मग बाकावर बसून ब्रॅगनने अख्खा हंगाम रॉबिन्सनला पाहिलं, त्याच्याबरोबर गाडीने प्रवास केला, जेवला आणि हळूहळू निवळला. आपण चुकलो हे पुढे तो उघडपणे सांगत राहिला. १९६५ साली रिकी वारला तेव्हा अंत्यविधीला रॉबिन्सनही होता आणि ब्रॅगनही. दरम्यान ब्रॅगन मॅनेजर झाला होता.

ते होतंच. फावल्या वेळात सगळा खेळ मागून पाहिलेला माणूस पुढे मॅनेजर होतो, ही या जमातीची ठरलेली बढती. ब्रूस बोची नऊ हंगाम खेळला, त्यातले बहुतेक बाकावर. डोकं एवढं मोठं की नव्या संघाकडे त्याच्या मापाचं हेल्मेट नसे. त्याच डोक्याने त्याने मॅनेजर म्हणून चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या, तीन सॅन फ्रान्सिस्कोकडून आणि २०२३ ची टेक्सासकडून. स्टीफन व्होटला मेजर लीगमधल्या पहिल्या ३२ प्रयत्नांत एकही हिट मिळाली नव्हती. २०१३ साली पहिली मिळाली ती थेट होम रन. नकला करून क्लबहाउस डोक्यावर घेणारा हा गडी क्लीव्हलँडचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, आपल्या लीगमधला सर्वोत्तम मॅनेजर ठरला. ३२ वेळा रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला धीर कसा द्यायचा, हे शिकायला त्याला कुठे जावं लागलं नसणार.

डेव्हिड रॉसचं सोनं झालं ते मात्र खेळत असतानाच. तेरा हंगाम इकडून तिकडे फिरलेला हा कॅचर शेवटी शिकागो कब्जमध्ये आला, मुख्यतः जॉन लेस्टर या पिचरचे चेंडू झेलायला. लेस्टरला फलंदाजाकडे उत्तम चेंडू टाकता येई, पण पहिल्या बेसकडे फेकायचं म्हटलं की हात आखडे. ती बाजू रॉस सांभाळी. २०१६ हे त्याचं अखेरचं वर्ष. अँथनी रिझो आणि क्रिस ब्रायंट या तरण्या पोरांनी त्याला 'आजोबा' करून टाकलं आणि आजोबांच्या निरोपाच्या वर्षाचं इन्स्टाग्राम खातंच उघडलं. आजोबांचं वय ३९. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात रॉस पाचव्या इनिंगमध्ये आत आला. आल्या आल्या त्याचा थ्रो चुकला. मग एक चेंडू त्याच्या मुखवट्यावर आपटून असा उडाला की तो स्वतः कोलमडला आणि तेवढ्यात क्लीव्हलँडने दोन धावा काढल्या. पुढच्याच इनिंगमध्ये त्याने अँड्र्यू मिलरला होम रन मारली. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होम रन मारणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू. नऊ इनिंग संपल्या तेव्हा बरोबरी आणि वर पाऊस. त्या १७ मिनिटांत जेसन हेवर्डने सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून चार शब्द सुनावले. हेवर्डची बॅट त्या हंगामभर रुसलेली होती, बोलला तोच. कब्ज ८-७ ने जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदा, आणि पोरांनी आजोबांना खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेलं.

पण या घराण्याचा मूळपुरुष मानायचा तर बॉब युकरलाच. जन्म मिल्वॉकीचा, १९३४. गावच्याच ब्रेव्हज संघाने १९५६ साली ३,००० डॉलरला करार केला. वडील कासावीस झाले, त्यांच्याजवळ संघाला द्यायला एवढे पैसे नव्हते, असं तो सांगायचा. १९६२ ते १९६७ या सहा वर्षांत २९७ सामने, १४ होम रन, बॅटिंग ॲव्हरेज .२००; म्हणजे दहा प्रयत्नांत दोनदा यश. ब्रॅगनच्या हाताखालीही तो १९६३ मध्ये होता. १९६४ साली सेंट लुइस कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा सातही सामने टिम मॅकार्व्हर खेळला आणि युकर एकही नाही. सामन्याआधीच्या सरावात मात्र मैदानात आलेल्या बँडवाल्यांचा ट्यूबा त्याने उचलला आणि त्याच्या तोंडात उंच आलेले चेंडू झेलून दाखवले. वाद्याच्या दुरुस्तीचं बिल संघाने आपल्यालाच लावलं, हेही तो सांगायचा. त्याच संघात बॉब गिब्सन होता, समोरच्याला घाम फोडणारा कृष्णवर्णीय पिचर, हसणं माहीत नसलेला. संघाच्या फोटोसाठी सगळे ताठ बसलेले असताना युकरने आणि त्याने एकमेकांचा हात धरला होता.

१९६५ मध्ये युकरने सँडी कोफॅक्ससारख्या दिग्गज पिचरला होम रन मारली. आपल्यामुळे आता याला हॉल ऑफ फेममध्ये घेणार नाहीत, अशी काळजी आपल्याला बरीच वर्षं वाटत होती, म्हणे. १९६७ साली नकलबॉल टाकणाऱ्या फिल नीक्रोचे चेंडू झेलताना तो लीगमध्ये पहिला आला. निसटलेल्या चेंडूंच्या यादीत. एकंदर २७. नकलबॉल झेलायची त्याची पद्धत साधी होती: तो घरंगळायचा थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग उचलायचा. मागे पळत जायला लागल्यामुळे प्रेक्षकांतल्या बड्या लोकांशी ओळखी झाल्या, हा वरचा लाभ.

खेळ संपला आणि त्याचं खरं करिअर सुरू झालं. मिल्वॉकी ब्रूअर्सने त्याला आधी होतकरू खेळाडू हेरायच्या कामावर पाठवलं. त्याचा अहवाल आला तो ग्रेव्ही आणि कुस्करलेले बटाटे माखून, असं मालक बड सेलिग सांगत. मग १९७१ पासून रेडिओवर सामन्यांचं वर्णन, तब्बल ५४ हंगाम. जॉनी कार्सनच्या टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात तो शंभरेक वेळा आला आणि दर वेळी स्वतःच्या बॅटिंगवर हसवून गेला. आपल्या अपयशाचं इतकं दीर्घकाळ व्याज खाल्लेला दुसरा खेळाडू शोधून सापडणार नाही. २००३ साली बेसबॉल हॉल ऑफ फेमने समालोचनासाठी त्याचा गौरव केला. मिल्वॉकीच्या मैदानात २०१४ पासून त्याचा एक पुतळा आहे, वरच्या सज्जाच्या अगदी शेवटच्या रांगेत, जिथून खेळ धड दिसत नाही. शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. फोटो काढून घ्यायला लोक तिथवर चढून जातात.

जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या नव्वदीत तो वारला. तोवर सामन्याआधी क्लबहाउसमध्ये त्याची फेरी असायची, नातवाच्या वयाच्या खेळाडूंच्या लॉकरशी उभा राहून तो त्यांना हसवायचा. २०१८ साली ब्रूअर्स वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यापर्यंत गेले. प्लेऑफच्या उत्पन्नातला वाटा कुणाकुणाला द्यायचा, हे खेळाडू बंद दाराआड मत देऊन ठरवतात. अर्धा हंगाम खेळलेल्यांनाही तिथे कधी पाव वाट्यावर समाधान मानावं लागतं. त्यांनी ८४ वर्षांच्या युकरला पूर्ण वाटा दिला आणि त्याने ती सगळी रक्कम दान करून टाकली. पूर्ण वाटा मिळण्याजोगंच त्याचं ते वर्ष गेलं होतं. त्याच्या हातून एकही चेंडू निसटला नव्हता.